दिव्याहून कोकणात पॅसेंजरने जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मे महिना आला की आणि गणपती जवळ आले की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे सगळं दिवा-रत्नागिरी आणि दिवा-सावंतवाडी या दोन गाड्यांबद्दल आहे (दिवा म्हणजे ठाण्याच्या पुढचं मध्य रेल्वेचं स्टेशन), बाकी एक्स्प्रेस गाड्यांची माहिती सगळीकडे मिळते, यांची कोणी नीट देत नाही.

या गाड्या नेमक्या कुठल्या?

दोन जोड्या आहेत. एक दिवा-सावंतवाडी, १०१०५ जाताना आणि १०१०६ येताना. ही सकाळी लवकर दिव्याहून सुटते आणि संध्याकाळी सावंतवाडीला टेकते, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस गाडीत. दुसरी दिवा-रत्नागिरी, ५०१०३, ही दुपारी दिव्याहून निघते आणि रात्री उशिरा रत्नागिरीला पोचते, उलट दिशेची ५०१०४ पहाटे रत्नागिरी सोडते आणि दुपारी दिव्याला येते. मिनिटांसकट वेळा मुद्दाम देत नाही कारण पावसाळी वेळापत्रकात बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी एनटीईएस या रेल्वेच्या गाडी कुठे आहे ते सांगणाऱ्या ॲपवर किंवा १३९ या रेल्वेच्या चौकशीच्या नंबरवर बघून घ्या.

एक्स्प्रेस असताना पॅसेंजरने का जायचं?

तुम्हाला थेट रत्नागिरी किंवा कणकवली गाठायची असेल आणि एक्स्प्रेसचं रिझर्वेशन हातात असेल तर खरंच पॅसेंजरच्या नादी लागू नका. पण तुमचं गाव सापे वामने, कळंबणी, अंजनी, कामथे, उक्षी, भोके, निवसर, आडवली असल्या स्टेशनजवळ असेल तर वर्षभर म्हणाल तर जवळजवळ याच गाड्या तुमच्या. तिथे वंदे भारत धाडकन निघून जाते आणि बाकीच्या एक्स्प्रेसही बहुतेक थांबत नाहीत. चिपळूणला उतरून कामथ्याला रिक्षा केली तर गाडीच्या तिकिटापेक्षा रिक्षाचेच जास्त होतात आणि रात्री तर रिक्षावाला सांगेल तो आकडा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की ही गाडी आधी मधल्या स्टेशनवाल्यांची आहे आणि मग आपल्यासारख्या टोकापर्यंत जाणाऱ्यांची, आणि खाली जी जी उत्तरं दिलीत ती हे डोक्यात ठेवूनच दिलीत.

तिकीट कुठून काढायचं? रिझर्वेशन लागतं का?

रिझर्वेशनच्या भानगडीत पडू नका, जनरलचं अनारक्षित तिकीट काढायचं आणि बसायचं. खिडकीवर मिळतं, आपलं आपण काढायच्या एटीव्हीएम मशिनवर मिळतं आणि मोबाईलवर रेल्वेच्या रेलवन ॲपवर मिळतं, जे आधी यूटीएस ॲपवर काढायचो तेच आता रेलवनवर आलंय. मोबाईलवर पेपरलेस काढणार असाल तर स्टेशनात शिरायच्या आधी घरून किंवा रिक्षातूनच काढा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून काढायला गेलात तर ॲप नकार देतं. अगदीच स्टेशनात पोचलात तर खिडकीवर किंवा मशिनवर काढा. टीसीला तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि मोबाईलची बॅटरी मेली तर तिकीट असून नसल्यासारखं, तेव्हा चार्ज करून निघा.

आणि एक, पेपरलेस तिकीट रद्द होत नाही, पैसे परत नाहीत. उगाच आधीपासून काढून ठेवू नका.

आदल्या दिवशी तिकीट काढून ठेवलं तर चालेल का?

अंतरावर आहे. २०० किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट असेल तर त्याच दिवशीचं लागतं आणि काढल्यापासून ३ तासांच्या आत किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करायचा असतो. २०० किलोमीटर किंवा त्याच्या वरचं तिकीट खिडकीवर ३ दिवस आधी मिळतं. दिवा ते रत्नागिरी ३०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीवाल्यांनी आधी काढून ठेवलं तरी चालतंय, पण माणगाव, वीरवाल्यांना त्याच दिवशी रांग लावावी लागते किंवा मोबाईल.

ऑर्डिनरी काढायचं की मेल एक्स्प्रेस? ॲपवर दोन्ही दिसतात.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. रत्नागिरीच्या गाडीचा नंबर ५ ने सुरू होतो, म्हणजे पॅसेंजर, तिला ऑर्डिनरीचं तिकीट चालतं आणि ते स्वस्त असतं. सावंतवाडीच्या गाडीचा नंबर १ ने सुरू होतो, म्हणजे कागदावर ती एक्स्प्रेस झालीये, थांबते मात्र जवळपास सगळ्या स्टेशनांवर पूर्वीसारखीच. तिला मेल एक्स्प्रेसचंच तिकीट लागतं. लोक अजूनही तिला पॅसेंजर म्हणतात (मी पण म्हणतो), ऑर्डिनरीचं तिकीट काढतात आणि मग टीसीशी हुज्जत घालतात. टीसीचं काही चुकत नाही त्यात. नंबरचा पहिला आकडा बघा आणि मग काढा. कोविडच्या काळात सगळ्या पॅसेंजरचे नंबर ० ने सुरू व्हायचे, १ जानेवारी २०२५ पासून जुने नंबर परत आले, त्यामुळे जुन्या मेसेजमध्ये ० वाला नंबर दिसला तर तो सोडून द्या.

विनातिकीट सापडलात तर किमान २५० रुपये दंड अधिक भाडं. कोविडच्या वेळी कमीत कमी भाडं ३० रुपये केलं होतं, ते २०२४ मध्ये पुन्हा १० रुपयांवर आलंय, त्यामुळे दोन स्टेशनांसाठी तिकीट बुडवण्यात काहीच शहाणपण नाही.

मुलांचं आणि ज्येष्ठांचं काय?

५ वर्षांखाली फुकट. ५ ते १२ अर्धं तिकीट. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आजी-आजोबांचं पूर्ण तिकीट काढा.

चिपळूणला उतरून एक दिवस राहून त्याच तिकिटावर पुढे जाता येईल का?

नाही. मध्ये उतरून पुढे जायची सोय ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटालाच असते. दोन वेगळी तिकिटं काढा.

दिव्याला पोचायचं कसं? दादरहून का सुटत नाही?

मध्य रेल्वेच्या सगळ्या स्लो लोकल दिव्याला थांबतात आणि २०१६ च्या डिसेंबरपासून काही फास्टही थांबतात. पण सामान, लहान पोरं, म्हातारी माणसं घेऊन सकाळच्या वेळी लोकलने दिव्याला उतरणं सोपं नाही, त्यात जिने चढा-उतरा, म्हणून निदान अर्धा-पाऊण तास हातात ठेवून जा. वसई, विरार, बोरिवलीकडच्यांनी दादरला जाऊन वळसा घेण्यापेक्षा वसई रोडहून कामण, भिवंडीमार्गे दिव्याला येणारी मेमू जुळते का ते बघावं, जुळली तर फार सुखाचं होतं. नवी मुंबईवाल्यांनी सरळ पनवेल गाठावं.

रत्नागिरी पॅसेंजर २०२० पर्यंत दादरहून सुटायची. लालबाग-परळ, डिलाईल रोड, प्रभादेवीच्या चाकरमान्यांची ती हक्काची गाडी होती, पिशव्या उचलल्या की चालत दादरला. कोविडनंतर ती दिव्यालाच थांबवली. लोकलच्या वेळापत्रकावर ताण येतो असं कारण दिलं जातं. लोकलवर ताण आहे हे मलाही दिसतं, पण ज्या माणसाला रिझर्वेशन परवडत नाही किंवा मिळत नाही त्यालाच सामानासकट लोकलच्या गर्दीत ढकलायचं हे बरोबर नाही, गाडी दादरला परत आली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे आणि प्रवासी संघटना ती मागणी करतायत ती योग्यच आहे.

बसायला जागा मिळते का?

एरवीच्या दिवशी मंगळवार-बुधवारी दिव्याला वेळेत आलात तर मिळते. शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी दिव्यालाच डबे भरतात आणि पनवेलला चढणाऱ्याला उभं राहावं लागतं. तरी घाबरू नका. पेण, नागोठणे, रोह्यापर्यंत रोजच्या येण्याजाण्यातली बरीच माणसं असतात, रोह्याला डबा बऱ्यापैकी हलका होतो. माणगाव, वीरला अजून थोडा. म्हणून पनवेलला चढलात आणि जागा नसेल तर समोरच्याला सरळ विचारायचं, कुठे उतरणार? पेणला उतरणारा असेल तर तो स्वतःच सांगतो की इथे उभे राहा, माझी जागा घ्या. या गाडीत हे चालतं, लोक चौथी सीट देतात, पोराला मांडीवर घेतात.

बायकांचा डबा वेगळा असतो. एकट्या असाल, रात्रीच्या रत्नागिरी गाडीने जाणार असाल तर त्यातच बसा.

गणपतीत या गाडीने जावं का?

दुसरा काहीच पर्याय नसेल तरच. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होतं), त्यामुळे गणपतीच्या गाड्या कधी उघडणार ते कॅलेंडरवर मोजून ठेवा आणि त्या सकाळी प्रयत्न करा. गणपती स्पेशल पण सुटतात, त्यांची घोषणा झाली की लगेच बघा.

आणि ज्यांना पॅसेंजरनेच जायचंय त्यांना हात जोडून एकच विनंती. दिव्याला डबा भरला की आतून दरवाजा लावून घेतात आणि मग पनवेल, पेण, रोह्याला बाहेर माणसं दरवाजे ठोकत गाडीच्या बाजूने पळत राहतात, कडेवर पोर, डोक्यावर बॅग, आतून कोणी उघडत नाही आणि गाडी निघून जाते. रोह्याच्या माणसाने त्याच गाडीचं पैसे देऊन तिकीट काढलेलं असतं हो. दरवाजा लावणारे बहुतेक थेट शेवटपर्यंत जाणारे असतात आणि त्यांना निदान दुसऱ्या गाड्या आहेत, विन्हेरे-करंजाडीवाल्याने काय करायचं? दरवाज्यात सामान रचू नका, दरवाजा उघडा ठेवा, आत सरका. पॅसेजमध्ये बॅगा न ठेवता सीटखाली सारल्या तरी दहा माणसं जास्त मावतात.

गाडी मध्येच तासभर उभी का राहते?

क्रॉसिंग. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सुरू होते, रोहा ते वीर दुहेरी लाईन २०२१ मध्ये झाली, पण वीरच्या पुढे मुख्यतः एकेरी लाईन आहे. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या, म्हणजे समोरून येणारी गाडी जाईपर्यंत एकीने स्टेशनात लूप लाईनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहायचं. आणि कोणी उभं राहायचं हे ठरलेलंच, पॅसेंजरने. समोरून वंदे भारत आली की थांबा, मागून जनशताब्दी आली की तिला पुढे सोडा, त्यात मालगाड्या आणि ट्रक लादून नेणारी रो-रो. एखादी एक्स्प्रेस लेट झाली की तिच्यामुळे आपली पण लेट. ड्रायव्हरला किंवा स्टेशन मास्तरला शिव्या घालून उपयोग नाही, दुहेरीकरण पुढे सरकलं तरच हे सुटेल आणि त्यासाठी आवाज उठवायला हवा.

तो वेळ वाईट जातो असंही नाही. आरवली रोड, सावर्डा असल्या स्टेशनला गाडी क्रॉसिंगला टाकली की अर्धा डबा खाली उतरतो, कोणी नळावर बाटल्या भरतंय, कोणी पाय मोकळे करतंय, मे महिन्यात बायका पानाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन खिडकीखाली येतात, द्रोण वर देतात आणि पैसे पदरात घेतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा, तिथे रेंज नसेल तर मोबाईलने पैसे जात नाहीत. फक्त लांब जाऊ नका, समोरची गाडी धडधडत गेली की दोन-तीन मिनिटांत आपला सिग्नल पडतो.

कुठल्या बाजूला बसू? समुद्र दिसतो का?

महाराष्ट्रातल्या भागात समुद्र दिसेल या आशेवर बसू नका, लाईन बरीच आतून जाते. दिव्याहून जाताना डावीकडे सह्याद्री, पावसाळ्यात आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डावी खिडकी सोन्यासारखी. रत्नागिरीची गाडी दुपारची असल्याने उजवीकडून ऊन येतं, उन्हाळ्यात तर डावीच पकडा. सावंतवाडीच्या गाडीला सकाळचं ऊन डावीकडून, दुपारनंतर उजवीकडून, तिथे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

उक्षी सोडलं की करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आत आवाज इतका होतो की बोलणं बंद पडतं, खिडकी अर्धी खाली करा आणि लहान मुलांना आधी सांगून ठेवा नाहीतर दचकतात. रत्नागिरीच्या पुढे निवसरकडे जाताना पानवलचा पूल लागतो, ६४ मीटर उंच, पण तो बघायला सावंतवाडीच्या गाडीतच असायला लागतं, रत्नागिरी पॅसेंजर तिथपर्यंत जातच नाही.

कुठल्या स्टेशनला उतरायचं ते कळत नाही.

हा खरा महत्त्वाचा प्रश्न आणि इथे जरा सविस्तर सांगतो कारण पाहुण्यांची फार फरफट होते.

नावापुढे रोड असेल तर गाव स्टेशनपासून लांब आहे असं धरूनच चाला. राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून चांगलंच आत आहे, गाडी यायच्या आधी न्यायला कोणीतरी आहे ना हे फोन करून बघा. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावला आहे, सावंतवाडी शहर तिथून रिक्षाने. रत्नागिरी स्टेशन पण शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे, एसटी स्टँडला जायला रिक्षा किंवा बस लागते. कणकवली, चिपळूण, कुडाळ त्या मानाने सोयीची.

सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन बघून किल्ला बघायला जाणारे तिथे उतरतात. ते स्टेशन ओरोसला आहे, जिल्ह्याचं मुख्यालय. किल्ला मालवणच्या समुद्रात, आणि ओरोसहून मालवण बरंच लांब. मालवणला जायचं तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरा, तिथून एसटी बऱ्या मिळतात. महाडवाल्यांनी वीर, रायगड किल्ला किंवा दिवेआगर-श्रीवर्धन असेल तर माणगाव, दापोलीला जायचं तर खेड.

तिकीट काढताना ॲपवर नावं नीट वाचा. गोरेगाव रोड रायगड जिल्ह्यातलं आहे, मुंबईचं गोरेगाव वेगळं. नांदगाव रोड कणकवलीच्या अलीकडचं, नाशिक जिल्ह्यातलं नांदगाव वेगळं. इंदापूर पण तसंच, हे माणगावजवळचं, पुणे जिल्ह्यातलं नाही.

छोट्या स्टेशनला उतरताना काय काळजी घ्यायची?

बऱ्याच ठिकाणी प्लॅटफॉर्म खाली असतो किंवा आखूड असतो, टोकाचे डबे प्लॅटफॉर्मच्या बाहेर खडीवर उभे राहतात. म्हातारं माणूस असेल तर मधल्या डब्यात बसा. गाडी थांबते मिनिटभरच, त्यामुळे आधीचं स्टेशन गेलं की सामान दरवाज्यापाशी आणा. आधी माणसं उतरवा मग सामान द्या, उलटं केलं की सामान खाली आणि आजी गाडीत असं होतं. रात्री रत्नागिरी गाडीने येत असाल तर डब्यातल्या स्थानिक माणसाला आधीच सांगून ठेवा, कितवं स्टेशन ते तोच सांगेल, अंधारात पाटी दिसत नाही.

खाणं, पाणी, संडास?

पँट्री नाही. वडापाव, भजी, चहा, कोकम सरबत विकणारे चढतात पण ठराविक पट्ट्यातच आणि गर्दीत तर तेही नाही. घरची भाकरी-चटणी किंवा पोळी-भाजी आणि भरपूर पाणी बरोबर घ्या, सावंतवाडीला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. संडास डब्यात असतो, पाणी संपलं असेल तर १३९ वर किंवा रेल मदत या रेल्वेच्या तक्रारींच्या ॲपवर डबा नंबर टाकून तक्रार करा. केळ्याच्या साली आणि प्लास्टिक खिडकीबाहेर टाकू नका, एक पिशवी ठेवा आणि स्टेशनवर टाका.

सामान किती नेता येतं? आंब्याच्या पेट्या चालतात?

सेकंड क्लासला माणशी ३५ किलो मोफत. दोन पेट्या आणि एक फणस कोणी विचारत नाही. पण घरच्या दहा पेट्या मुंबईला न्यायच्या असतील तर स्टेशनवर लगेज बुक करा, लोकांच्या पायात रचू नका. गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल, फटाके अजिबात नाही, दिवाळीला फटाके नेणारे बघितलेत, भरलेल्या डब्यात एक ठिणगी पुरते.

पावसाळ्यात जावं का? सुरक्षित आहे का?

जावं, पण मन तयार ठेवून. पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. या काळात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात आणि पाऊस इतका लागला की समोरचं दिसत नाही तर ताशी ४० च्या वर जायचं नाही असा नियम आहे.

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे रात्री गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून डोंगरकापांवर जाळ्या, कडे छाटून उतार सपाट करणं, नद्यांच्या पुलांवर वारा मोजायची यंत्रं, हे बरंच काम झालंय. आणि रात्रभर पावसात रुळांवरून टॉर्च घेऊन चालणारे पेट्रोलिंगवाले असतात, दरड दिसली तर गाडी थांबवणारा तो माणूस. गाडी हळू चाललीये म्हणून वैतागलात तर त्याला आठवा.

तरी लाईन बंद पडते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा वाशिष्ठी पुलावर पाणी वाढलं म्हणून गाड्या जागच्या जागी थांबवल्या, जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी माती आली आणि जवळजवळ दिवसभर लाईन ठप्प. म्हणून जुलैमध्ये निघाल तर औषधं दोन दिवसांची जास्त, पॉवर बँक आणि थोडा कोरडा खाऊ. परीक्षा, मुलाखत, कोर्टाची तारीख असं काही असेल तर एक दिवस आधी निघा.

गाडी कुठे आहे ते कळायला काय वापरायचं?

एनटीईएस किंवा व्हेअर इज माय ट्रेन. दुसरं ॲप मोबाईलच्या टॉवरवरून पण सांगतं पण बोगद्यांच्या पट्ट्यात रेंजच नसते, तेव्हा ते मागचंच स्टेशन दाखवत राहतं. घरच्यांना सांगून ठेवा की खेडच्या अलीकडे-पलीकडे फोन लागला नाही तर काळजी करू नका. न्यायला येणाऱ्याने स्टेशनवर लवकर येऊन ताटकळण्यापेक्षा दोन-तीन स्टेशन आधी फोन करून घ्यायचा, कामथ्यावाल्यांना खेड सुटलं की, निवसरवाल्यांना उक्षी सुटलं की करा, बोगद्यात शिरायच्या आत.